स्वतंत्र मासिकं, गाणी, कॉमिक्स : नुसती नावं नकोत, सुरुवात कुठून करायची ते सांगा

शाईचा डाग (धागा)

मंडळी,

'काहीतरी वेगळं वाचायला सुचवा' म्हटलं की लोक चाळीस नावांची यादी हातात ठेवतात. त्या यादीचं पुढे काय होतं ते सांगायला नको. म्हणून या धाग्याला जरा आडमुठा नियम लावतोय. मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय, एकट्यादुकट्याने किंवा चार टाळकी जमवून काढलेलं मासिक, अल्बम किंवा कॉमिक सुचवायचं. शक्यतो एका प्रतिसादात एकच. आणि सुरुवात नेमकी कुठून करायची ते सांगायचं: कुठला अंक, कुठलं गाणं, कुठली गोष्ट. 'सगळंच भारी आहे, कुठूनही वाचा' हे उत्तर बाद.

श्रीगणेशा मीच करतो. 'रॉ'. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रांस्वाज मूली आणि आर्ट स्पीगलमन या जोडप्याने काढलेलं कॉमिक्सचं मासिक. मासिक आपलं म्हणायचं, अंक मनात येईल तेव्हा निघायचे. मूलीबाईंनी राहत्या जागेतच छपाईचं यंत्र आणून बसवलं होतं. कॉमिक म्हणजे स्वस्त कागदावरची, वाचून फेकून द्यायची वस्तू, अशी तेव्हाची समजूत. यांनी अंकाचा आकारच एवढा थोराड ठेवला की तो नेहमीच्या कॉमिकच्या रांगेत मावेना. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावरचं रंगीत चित्र वेगळं छापून हाताने चिकटवलेलं आहे. सातव्या अंकात तर कहर केला. प्रत्येक प्रतीच्या मुखपृष्ठाचा कोपरा हाताने फाडला आणि फाटका तुकडा चिकटपट्टीने आत लावला. स्पीगलमन यांचं 'माउस' (नाझींच्या ज्यू छळावरचं कॉमिक) याच मासिकात दुसऱ्या अंकापासून आलं, मोठ्या पानांच्या पोटात बसवलेल्या छोट्या पुस्तिकेच्या रूपात. १९९२ साली त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला, पण ती नंतरची गोष्ट.

सुरुवात कुठून: जुने अंक संग्राहकांच्या कपाटात गेलेत, त्यांच्या मागे लागू नका. पहिल्या तीन अंकांमधला मजकूर एकत्र करून १९८७ साली 'रीड युअरसेल्फ रॉ' नावाचा संग्रह निघाला होता. तो शोधा.

आता तुम्ही.

---

बी साइड

वाचनखूण साठवली. माझ्याकडून बझकॉक्स या पंक बँडची 'स्पायरल स्क्रॅच', जानेवारी १९७७. चार गाणी, एक तबकडी. पाचशे पौंड उसने घेतले, लेबलला, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला, स्वतःच नाव ठेवलं आणि एक हजार प्रती काढल्या. मँचेस्टरच्या पोरांना लंडनच्या कंपन्यांचे उंबरठे न झिजवता रेकॉर्ड काढता येते हे त्या एका तबकडीने दाखवून दिलं आणि त्यामागून कित्येकांनी आपापली लेबलं सुरू केली.

मला त्यातली आवडती गोष्ट म्हणजे मागचं पान. प्रत्येक गाण्यापुढे ते कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झालं आणि त्यावर मागाहून काही चढवलंय का, हे सरळ छापलंय. एरवी लोक हे लपवतात.

सुरुवात 'बोअरडम' या गाण्यापासून. गिटारचा एकल तुकडा येतो आणि त्यात दोनच सूर, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. कंटाळ्यावरच्या गाण्यात याहून चोख वादन होऊ शकत नाही. पहिल्यांदा ऐकताना वाटतं की वादकाला पुढचं सुचत नाहीये. तिसऱ्यांदा ऐकताना हसू फुटतं.

---

चौकटीबाहेर

'भीमायन'. नवयान या छोट्या प्रकाशनाने २०११ साली काढलेलं, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चितारलेलं. बाबासाहेबांचं चरित्र आपल्याला पाठ असतं, त्यामुळे 'यात नवीन काय' असं वाटण्याचा धोका आहे. नवीन काय ते सांगतो.

या चित्रकारांनी कॉमिकची चौकटच मान्य केली नाही. माणसांना डब्यात कोंडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पानावर सरळ रेघांचे चौकोन नाहीत. गोंडांच्या भिंतीवर आणि अंगणात काढतात त्या दिग्ना नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागलंय. संवादाचे फुगे तर बघाच. ज्याचं बोलणं निरुपद्रवी त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्याच्या तोंडून जातीचं विष येतं त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्यात डोळा. एकदा ही खूण कळली की अक्षर वाचायच्या आधीच कोण डसणार आहे ते कळतं.

सुरुवात पहिल्या भागापासूनच करा, पाण्याचा भाग. शाळेत तहानलेला पोर आणि पुढे महाडचं चवदार तळं. सगळ्या पानांमधून पाणी वाहतंय, माशांसकट.

---

रिकामटेकडी

>> एकदा ही खूण कळली की अक्षर वाचायच्या आधीच कोण डसणार आहे ते कळतं

अगदी! मी ते पुस्तक दोनदा वाचलंय आणि ही नांगी माझ्या लक्षातच आली नव्हती. आज पुन्हा काढते.

---

निवांत

चांगला धागा. पण 'रॉ' आणि बझकॉक्स वाचून जरा गंमत वाटली. घरचं कुणी काढतंय का बघत होतो.

१९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं, चक्रमुद्रित. स्टेन्सिल कापायची, यंत्राचा दांडा फिरवायचा, प्रती काढायच्या. म्हणजे झेरॉक्सच्या आणि पंकच्या कितीतरी आधी. मग साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो', आणि त्यापुढे लघुनियतकालिकांची रांगच लागली. याच सुमारास अलाहाबादेत अरविंद कृष्ण मेहरोत्रा मित्रांसोबत 'डॅम यू' काढत होते, तेही चक्रमुद्रित. ही मंडळी एकमेकांना ओळखत होती, एकमेकांना अंक पाठवत होती.

पण नियम म्हणजे नियम. जुने अंक वाचायला मिळणं कठीण, म्हणून मी त्या चळवळीतून निघालेलं पुस्तक सुचवतो: 'अरुण कोलटकरच्या कविता', प्रास प्रकाशन, १९७७. प्रास म्हणजे शहाणेच. त्याच्या वर्षभर आधी 'जेजुरी' आलं होतं 'क्लिअरिंग हाऊस'कडून, आणि ही संस्था म्हणजे चार कवींनी मिळून काढलेली सहकारी खटपट: आदिल जस्सावाला, मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि खुद्द कोलटकर. मुखपृष्ठं कोलटकर करायचे, ते जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले माणूस. सांगायचा मुद्दा असा की या लोकांना मोठा प्रकाशक मिळाला नसता असं नाही. कविता, कागद, अक्षराचा आकार, समास, सगळं आपल्याच हातात हवं होतं. 'जेजुरी'ची मूळ आवृत्ती कुणाकडे सापडली तर नुसती हातात घेऊन बघा.

---

शाईचा डाग

निवांत, दंडवत. हे मी मूळ धाग्यातच लिहायला हवं होतं.

---

रिकामटेकडी

मी जरा तक्रार करू का? नाव घेत नाही. एका त्रैमासिकाची वार्षिक वर्गणी भरली. संपादकांनी स्वतः फोन करून आभार मानले, दोन अंक आले, दोन्ही सुंदर. मग सामसूम. निरोप पाठवला की 'अंक छपाईला गेलाय'. तो छपाईलाच आहे अजून. स्वतंत्र वगैरे ठीक आहे हो, पण वाचकाने किती दिवस श्रद्धा ठेवायची?

---

जुळारी

रिकामटेकडीताई, ते संपादक मी नाही :) पण काही वर्षं एक अनियतकालिक चालवलंय, म्हणून पडद्यामागचं सांगतो. समर्थन म्हणून नाही, माहिती म्हणून.

वर्गणी येते वर्षाच्या सुरुवातीला, एकगठ्ठा. ती पहिल्या अंकाच्या कागदात आणि छपाईत जाते. दुसरा अंक ओळखीच्या कुणाकडून मिळालेल्या जाहिरातीवर निघतो. तिसरा संपादकाच्या खिशातून. चौथ्याला खिसा आणि घरच्यांचा संयम दोन्ही संपतात. जे मासिक लेखकांना मानधन देण्याचा प्रयत्न करतं त्याचं हे चक्र आणखी लवकर पूर्ण होतं.

त्यात छपाईचं गणित विचित्र. ऑफसेटला खरा खर्च प्लेट बनवण्याचा आणि यंत्र लावण्याचा. एकदा यंत्र सुरू झालं की दोनशे प्रतींऐवजी पाचशे काढल्या तरी बिल फारसं वाढत नाही. म्हणून प्रत्येक नवा संपादक पाचशे काढतो आणि तीनशे खाटेखाली जातात. पानं फर्म्यात मोजायची, सोळाचा एक फर्मा. एखादी चांगली दीर्घकथा फर्म्याच्या बाहेर दोन पानं सांडली की एक तर कथा कापा, नाहीतर उरलेली पानं भरायला काहीतरी शोधा. जुन्या अंकांमध्ये शेवटी अचानक येणाऱ्या कविता कुठून येतात ते आता कळलं असेल. पिन मारलेला अंक असेल तर निदान चारच्या पटीत भागतं.

आणि वितरण. दुकानात ठेवलेल्या प्रती विकल्या गेल्या की नाही हे कळायला महिने, पैसे यायला आणखी महिने, न विकलेल्या परत येतात त्या कोपरे मुडपून. पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवणारा, मुद्रितं तपासणारा आणि 'अंक मिळाला नाही' हे फोन घेणारा माणूस एकच असतो.

म्हणून वाचकांना माझा सल्ला: छोट्या मासिकाची पाच वर्षांची किंवा आजीव वर्गणी कधीही भरू नका. ती त्यांनाही पेलत नाही. एक वर्षाची भरा, आणि त्यांच्याकडे पडून असलेले जुने अंक विकत घ्या. जुना अंक विकला गेला की तो पैसा मोकळा असतो, पुढचं काही देणं डोक्यावर राहत नाही.

शिफारस: 'आजचा सुधारक'. दि. य. देशपांडे यांनी १९९० साली सुरू केलेलं, आगरकरांच्या 'सुधारक'चा वारसा सांगणारं विवेकवादी मासिक. देशपांड्यांचे तत्त्वज्ञानावरचे लेख आधी वाचा. अवघड विषय, भाषा एकदम सरळ, आणि वाचकांची पत्रं तर लेखांइतकीच तिखट.

---

रिकामटेकडी

खाटेखालच्या तीनशे प्रती वाचून राग निवळला. अर्धा.

---

फिरकी

एकच नाव सांगायचं हा नियम मी मोडणार आहे, कारण माझी शिफारस जोडीची आहे.

ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज', १९९४. कल्पवृक्ष या पर्यावरण गटाने छापलेलं, नर्मदेवरच्या धरणाच्या वादातून जन्मलेलं चित्रमय पुस्तक. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून याचं नाव घेतात. कितीतरी वर्षं ते मिळतच नव्हतं, लोक झेरॉक्स काढून वाचायचे. २०२२ साली ब्लाफ्ट या प्रकाशनाने नवी आवृत्ती काढली. एका बाजूला आदिवासी गायकाच्या तोंडून सृष्टी कशी झाली ती कहाणी, दुसऱ्या बाजूला शहरातल्या तरुण पत्रकाराची बातमीमागची पायपीट. दोन्ही प्रवाहांची रेषा वेगळी आहे. कहाणीची पानं मोकळी, पसरलेली; शहराची पानं खच्चून भरलेली.

ते वाचून झालं की लगेच इंडियन ओशनचं 'मा रेवा' ऐका. बँडचे राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होते, तिथलं हे गाणं. पुस्तकातली नदी गायला लागली तर अशीच गाईल.

---

बी साइड

फिरकी, गाणं झकास, पण ते 'कंदिसा' अल्बममधलं आहे आणि २००० साली तो टाइम्स म्युझिकने काढला होता. चार टाळक्यांच्या व्याख्येत बसतं का हे?

---

फिरकी

येणार म्हणून माहीतच होतं :) बसत नाही. मग त्यांचा '१६/३३० खजूर रोड' घ्या, २०१०. कंपन्यांशी वाद घालण्यापेक्षा बँडने दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर फुकट उतरवून घ्यायला ठेवलं. अल्बमचं नाव म्हणजे ज्या जुन्या घरात ते सराव करायचे त्याचा पत्ता. पण मला विचाराल तर 'मा रेवा'च. कंपनीने काढलं म्हणून गाणं बाटत नाही.

---

शाईचा डाग

धागालेखकाच्या अधिकारात 'मा रेवा' मंजूर. 'रॉ'चे शेवटचे तीन अंक पेंग्विनने काढलेत, मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू!

माझ्या मते प्रश्न कंपनीचं नाव कव्हरवर आहे की नाही इतका सोपा नाहीच. पुढचा अंक कसा असावा हे कोण ठरवतं, आणि काम कुणाच्या मालकीचं राहतं, एवढं बघायचं. त्या कसोटीवर पुढचा नग आणतो: जेफ स्मिथ यांचं 'बोन'. १९९१ पासून २००४ पर्यंत पंचावन्न अंक, कृष्णधवल, बहुतेक सगळे स्वतःच्या प्रकाशनाचे. व्यवहाराची सगळी बाजू त्यांच्या पत्नी विजया अय्यर यांनी सांभाळली. नंतर स्कॉलास्टिकने रंगीत आवृत्त्या काढल्या आणि त्या शाळाशाळांत पोचल्या, पण तोवर कथा लेखकाला हवी तशी, हवी तिथे संपलेली होती.

सुरुवात पहिल्या खंडापासून, आणि जमलं तर कृष्णधवलच वाचा. रंगीत वाईट नाही. पण बर्फ पडतानाची पानं कोऱ्या कागदावर जी दिसतात ती रंगात हरवतात. मुलं घरात असतील तर मात्र रंगीत आणा, तुमच्या हाती लागणार नाही.

---

चौकटीबाहेर

मुलांवरून: 'चकमक'. एकलव्य संस्थेचं हिंदी मासिक, १९८५ पासून. मुलांनी पाठवलेली चित्रं आणि लेखन त्यात मोठ्यांच्या बरोबरीने छापतात. सगळ्यात आधी तीच पानं उघडा. उपदेश जवळजवळ नाहीच.

---

मुळाक्षर

इतके दिवस वाचनमात्र होतो. खास या धाग्यासाठी लिहितोय.

फुगाझी आणि त्यांचं लेबल, डिस्कॉर्ड. १९८० साली वॉशिंग्टनमध्ये काही शाळकरी पोरांचा टीन आयडल्स नावाचा बँड फुटला. कार्यक्रमांचे साठवलेले पैसे डब्यात होते. वाटून घेण्याऐवजी त्यांनी त्यातून रेकॉर्ड काढायची ठरवली, तीच डिस्कॉर्डची सुरुवात. वेष्टण कसं करतात ते माहीत नव्हतं, म्हणून घरातल्या एका रेकॉर्डचं वेष्टण उलगडून सपाट केलं, त्याची बाह्यरेषा कागदावर गिरवली आणि मग सगळे मिळून कापत, दुमडत, चिकटवत बसले. त्यातल्या इयन मकाय यांचा नंतरचा एक बँड म्हणजे फुगाझी. तिकीट पाच डॉलर ठेवायचा हट्ट, कार्यक्रमाला वयाची अट नाही, बँडच्या नावाचे टीशर्ट विकायचे नाहीत. (बाजारात 'हा फुगाझीचा टीशर्ट नाही' असं छापलेले टीशर्ट आले, ती वेगळीच मजा.)

सुरुवात: 'वेटिंग रूम'. एकटा बेस सुरू होतो, त्यावर गिटार आणि ड्रम्स येतात, आता गाणं सुटणार असं वाटतं आणि सगळं ठप्प. काही सेकंद पूर्ण शांतता. मग पुन्हा तिथूनच. हेडफोनवर पहिल्यांदा ऐकणारे हमखास फोन तपासतात.

त्यानंतर त्यांचा कार्यक्रमांचा संग्रह बघा. २०११ पासून आठशेहून जास्त कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं त्यांनी स्वतःच संकेतस्थळावर ठेवायला घेतली. चुका, प्रेक्षकांशी झालेली भांडणं, सगळं तसंच.

---

निवांत

मुळाक्षर, वाचनमात्र राहणं बंद करा आता.

---

जुळारी

+१.

हार्वी पीकार यांचं 'अमेरिकन स्प्लेंडर' कुणीच कसं सांगितलं नाही? क्लीव्हलंडमधल्या सरकारी रुग्णालयात फायली लावणारा कारकून. चित्रं काढता येत नव्हती, म्हणून काड्यांची माणसं काढून संवाद लिहायचा आणि चित्रकारांना द्यायचा. १९७६ पासून स्वखर्चाने, साधारण वर्षाला एक अंक. नोकरी निवृत्तीपर्यंत सोडली नाही. विषय काय, तर सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या आजीबाई हिशोबावरून घालत असलेली हुज्जत. तीच गोष्ट आधी वाचा, रॉबर्ट क्रम्ब यांनी काढलेली. चार पैशांवरून वैतागलेल्या माणसाचा चेहरा असा दुसरीकडे पाहिला नाही.

---

रिकामटेकडी

गाणी थेट बँडकडून घ्यायची तर कुठे? स्ट्रीमिंगवर सगळं मिळतं, पण त्यातलं वादकाला किती पोचतं देव जाणे.

---

बी साइड

बँडकॅम्प. २००८ पासून आहे. डिजिटल विक्रीतला साधारण पंधरा टक्के वाटा ते ठेवतात, पैसे चुकते करण्याचा खर्च वेगळा, बाकी कलाकाराला. मार्च २०२० मध्ये सगळे कार्यक्रम बंद पडले तेव्हा त्यांनी एका शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडला, आणि पुढे ते ठरावीक शुक्रवारी करत राहिले. मधल्या काळात कंपनी दोनदा विकली गेली, २०२२ साली एपिक गेम्सला आणि २०२३ साली साँगट्रेडरला. म्हणून एक सवय लावून घ्या: विकत घेतलं की फाइल लगेच उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवायची, शक्यतो फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार). दुकान उद्या काय करेल सांगता येत नाही.

शोधायची युक्ती: आवडलेल्या अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी चित्रं दिसतात. त्यातल्या एखाद्याच्या संग्रहात शिरा. यंत्राने सुचवलेल्या गाण्यांपेक्षा अनोळखी माणसाची आवड कितीतरी बरी.

---

फिरकी

शेवटचं एक, मग झोपते. 'लव्ह अँड रॉकेट्स'. कॅलिफोर्नियातल्या हर्नांडेझ भावांनी १९८१ साली स्वतः छापलं आणि 'द कॉमिक्स जर्नल'कडे परीक्षणासाठी पाठवलं. कॉमिक्सना झोडपण्यासाठी ते प्रसिद्ध होतं. परीक्षण राहिलं बाजूला, त्यांनी पुढच्याच वर्षी ते प्रकाशितच केलं. मधला खंड सोडला तर तेव्हापासून चालूच आहे. यातली पात्रं खरोखर म्हातारी होतात. मॅगी सुरुवातीला पंक पोरगी असते, आता प्रौढ बाई आहे. वजन वाढलंय, मैत्रिणी दुरावल्यात, पुन्हा भेटल्यात. वाचकही तिच्याबरोबर पिकलेत.

---

मुळाक्षर

फिरकी, खंड खूप दिसताहेत. कुठला घेऊ? पहिल्यात रोबो आणि डायनासोर आहेत म्हणे.

---

फिरकी

हो, म्हणूनच पहिल्यापासून नको. हायमेची बाजू वाचायची तर 'द गर्ल फ्रॉम हॉपर्स' हा दुसरा खंड घ्या, त्यात स्पीडीच्या मृत्यूची गोष्ट आहे. गिल्बर्टची बाजू वाचायची तर 'हार्टब्रेक सूप', पालोमार गावाच्या कथा, तिथे सुरुवातच योग्य जागी होते. दोन्ही भावांची शैली वेगळी आहे, एक आवडला नाही म्हणून दुसरा सोडू नका. रोबोवाला खंड मॅगीच्या प्रेमात पडल्यावर वाचा, तेव्हा सगळं माफ होतं.